चौथा माणूस

रजेच्या नियमांचे पुस्तक कोणी हौसेने वाचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लोक ते औषधासारखे वापरतात. दुखणे आले की तेवढ्यापुरते बूच काढायचे, लागेल तेवढा घोट घ्यायचा आणि बाटली पुन्हा फळीवर ठेवून द्यायची. मी मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे. आमच्या शाळेच्या कचेरीत जुन्या हजेरीपटांच्या चळतीखाली ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ ही पुस्तिका पडलेली असते. एका पावसाळी शनिवारी मुले घरी गेली होती, एस.टी. यायला दीड तास अवकाश होता आणि कचेरीत दुसरे वाचण्यासारखे काही नव्हते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला कशाचेच वावडे असू नये, एवढेच माझे समर्थन.

आणि खोटे कशाला सांगू, पुस्तक मला आवडले. आजारपण, बाळंतपण, शिक्षण, अपघात, निवृत्ती असे माणसाच्या आयुष्यातले सारे प्रसंग त्यात ओळीने येतात. कादंबरीत तरी याहून निराळे काय असते? फरक इतकाच की येथे प्रत्येक प्रसंगापुढे दिवसांचा आकडा लिहिलेला असतो. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस; १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी ती आगाऊच खात्यावर चढते. अर्ध्या पगाराची रजा वर्षाला २० दिवस. अर्जित रजा साठवता येते, पण ३०० दिवसांपर्यंत. पूर्वी ही मर्यादा २४० होती. त्यापुढचे दिवस रांजण भरल्यावरच्या पाण्यासारखे वाहून जातात. शिवाय वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा, जिला आपण किरकोळ रजा म्हणतो. गंमत अशी की शास्त्राप्रमाणे ही रजाच नव्हे. त्या दिवशी माणूस कामावरच आहे असे समजतात. घरी पाट मांडून जेवायला बसलेला माणूस सरकारदरबारी कामावर असतो, ही कल्पना मला फार सुखाची वाटते.

हे सारे वाचत असताना दहाव्या नियमाशी मी थांबलो. त्याचा आशय असा, की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. लोकसेवेची निकड असेल तेव्हा रजा नाकारण्याचा, किंवा दिलेली रजा रद्द करण्याचा अधिकार ती मंजूर करणाऱ्याच्या हाती राहील. हे वाक्य काही १९८१ साली जन्मलेले नाही. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या इंग्रज सरकारच्या मूलभूत नियमांत ते सदुसष्टाव्या क्रमांकावर होते, आणि साहेब गेला तरी त्याने आपली जागा सोडली नाही. आम्हा शिक्षकांना त्याची झळ फारशी लागत नाही. आमचे खातेच ‘दीर्घ सुटी’चे. दिवाळीची सुटी आणि मे महिना पदरात पडतो, म्हणून अर्जित रजेच्या बाबतीत आमच्याकडे हात आखडता घेतलेला असतो. तक्रार करायला जागा नाही. सुटीत निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम लागले तर आम्ही चार दिवस कुरकुरतो, त्याबद्दल रजा खात्यावर मांडून घेतो आणि विसरून जातो.

परंतु दहावा नियम वाचताना मला आमच्या मामांची आठवण झाली. मामा तुरुंगात होते. असे म्हटले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. लहानपणी मला या वाक्याची मोठी मौज वाटे, आणि समोरच्याचा चेहरा पुरता उतरल्यावर मी पुढचे सांगे, की ते तेथे शिपाई होते. पस्तीस वर्षे त्यांनी राज्याच्या निरनिराळ्या कारागृहांत पहारा केला. कोणकोणत्या, ते सांगण्याचे येथे कारण नाही. मामी म्हणत, “जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांनी सुटायचा तरी असतो.” चौदा वर्षांचे हे गणित लोकांच्या तोंडचे आहे, कायद्याचे नव्हे, जन्मठेप म्हणजे कायद्याने जन्मभराचीच ठेप, आणि मधेच सुटका झाली तर ती सरकारने सूट दिली म्हणून. पण मामींना कायदा सांगायचा नव्हता.

आपल्या भाषेत ‘बदली’ या शब्दाचे सरकारी नोकरांशी फार जुने नाते आहे. एक बदली म्हणजे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाणे. मुंबईच्या गिरण्यांत दुसरी बदली होती. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या मागावर उभे राहायला मिळेल या आशेने सकाळी दाराशी ताटकळणारा तो ‘बदली’. तिसरी बदली मामांच्या घरातली. सणाच्या दिवशी, रविवारी, स्वातंत्र्यदिनी कामावर राहावे लागले तर त्या दिवसाच्या बदल्यात दुसरा दिवस मोकळा मिळायचा, ती बदली सुट्टी. ऐकायला हा व्यवहार अगदी चोख वाटतो. एक दिवस घेतला, एक दिवस दिला. वाण्याच्या वहीत सुद्धा इतका सरळ हिशेब नसतो. फक्त घेतलेला दिवस अभ्यंगस्नानाचा असे आणि दिलेला दिवस कार्तिकातल्या कुठल्या तरी मंगळवारी उगवे.

म्हणून मामींनी पंचांग बाजूला ठेवून दिले होते. त्यांच्या घरी दिवाळी तिथीने होत नसे, पाळीने होत असे. मामांना मोकळा दिवस मिळाला की त्याच्या आदल्या रात्री मामी उटणे भिजत घालत, पहाटे चुलीवर हंडा चढवत, आणि नरकचतुर्दशी होऊन आठवडा लोटला असला तरी चिरांटे फोडायला लावत. एकदा तर त्यांची दिवाळी तुळशीच्या लग्नानंतर झाली. तुरुंगाच्या भिंतीबाहेर शिपायांच्या चाळी असत. एका ओळीत दहा-बारा खोल्या, आणि ज्याची त्याची दिवाळी निराळ्या दिवशी. आम्ही भावंडे सुटीत तेथे जात असू, आणि आमच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था जगात नव्हती. तीन आठवडे रोज कोठे ना कोठे करंजी तळली जात असे. मोठेपणी मी मामींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्हा पोरांचं पोट भरत होतं रे. मी तीन आठवडे दुसऱ्यांच्या दारातल्या रांगोळ्या बघायची.”

मामांच्या ठिकाणी बदली सुट्टी ठरल्या मुदतीत घेतली नाही तर ती बुडत असे. आणि मुदतीत घ्यायची म्हणजे आपल्या जागी उभा राहायला दुसरा माणूस हवा. येथे सगळी मेख आहे. हे मला शाळेतल्या फळ्यावर उमजले. सातवीच्या मुलांना काळ-काम-वेगाची उदाहरणे घालताना मी एकदा सहज हे उदाहरण घातले होते, आणि मुलांआधी मीच त्यात अडकलो.

उदाहरण असे. तुरुंगाच्या तटाच्या कोपऱ्यावर एक मनोरा आहे. त्यावर दिवसरात्र एक शिपाई हवा. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर वर्षाच्या पाळ्या झाल्या १०९५. आता एक शिपाई वर्षात किती दिवस उभा राहू शकतो? ३६५ मधून आठवड्याच्या सुट्टीचे ५२ गेले, ३१३ राहिले. अर्जित रजेचे ३० गेले, २८३ राहिले. किरकोळीचे ८ गेले, २७५ राहिले. सणवार आणि बदल्या मी मुद्दामच धरलेल्या नाहीत. एकमेकांत मिसळणारे दिवसही ढोबळ मानाने सोडून दिले आहेत. तीन शिपाई मिळून झाल्या ८२५ पाळ्या. उरल्या २७०. म्हणजे जवळजवळ बरोबर एका माणसाचे वर्ष. मनोऱ्यावर तिघे दिसतात, पण त्या मनोऱ्याला माणसे चार लागतात. चौथा कधी वेगळा ओळखू येत नाही. तो ज्या दिवशी वर उभा असतो त्या दिवशी तिघांपैकी कोणी तरी घरी असतो, एवढीच त्याची खूण.

आता तो चौथा नेमलेलाच नाही असे समजा. तिघांवर भागवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे ३६५ दिवस येतात. लीप वर्ष असेल तर ३६६. एखाद्याला सोडायचेच झाले तर उरलेल्या दोघांनी बारा-बारा तास उभे राहायचे. पुस्तकातल्या नियमाला कोणी हात लावलेला नसतो. ३० दिवस तिथल्या तिथे छापलेले असतात, दर जानेवारीला आणि जुलैला ते इमानाने खात्यावर चढत असतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “गुरुजी, मग रजा पुस्तकात आहे की माणसात?” मी तिला खाली बसायला सांगितले, कारण तास संपला होता. परंतु प्रश्न तिचाच खरा होता. नियमाच्या पुस्तकात रजेचा फक्त आकडा असतो. रजा त्या चौथ्या माणसाच्या अंगात असते.

केंद्र सरकारने २०१६ साली आदर्श कारागृह नियमावली काढली. तिच्यात तत्त्व म्हणून असे सांगितले आहे की दर सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा. तत्त्व उत्तम आहे. आता मुंबईचे आर्थर रोडचे कारागृह घ्या. १९२६ च्या सुमाराचे हे बांधकाम. त्याची अधिकृत क्षमता कित्येक वर्षे ८०४ माणसांची होती आणि आत माणसे असत तिच्या तिप्पट, चौपट. ८०४ माणसांच्या हिशेबाने मंजूर झालेली शिपायांची पदे कैदी वाढले म्हणून आपोआप वाढत नाहीत. वाढते ती फक्त गिनती. सकाळची गिनती, दुपारची गिनती, बराकीला कुलूप लागतानाची गिनती. मामा म्हणत, की आयुष्यात आपण दुसरे काही केलेच नाही, माणसे मोजली.

या गिनतीतल्या माणसांनाही रजा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी तो दुसरा कायदाही वाचला. १९५९ साली मुंबई राज्याने कैद्यांच्या रजेचे नियम केले. त्यांत रजेचे दोन प्रकार आले. एक संचित रजा, म्हणजे फर्लो. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक नीट असली की कैद्याला ती मिळू शकते, आणि त्या दिवसांत घरी राहिला तरी ते दिवस शिक्षेतच मोजले जातात. किरकोळ रजेवरचा कारकून जसा घरी असून कामावर असतो, तसा हा घरी असून तुरुंगात असतो! दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. घरात गंभीर आजार, मृत्यू, लग्न असे काही निकडीचे असेल तर ती मिळायची. तिचे दिवस मात्र शिक्षेत धरायचे नाहीत. अभिवचन हा शब्द मला फार आवडतो. ज्या माणसाच्या शब्दावर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही, त्याच माणसाच्या शब्दावर त्याला घरी सोडायचे.

आणि वाचकहो, या १९५९ च्या नियमांत सतरावा नियम असा होता, की यातील कोणत्याही गोष्टीमुळे कैद्याला संचित रजेवर सुटण्याचा कायदेशीर हक्क मिळतो असे समजू नये. दोन पुस्तके माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होती. एक गजांच्या आतल्या माणसाचे, एक बाहेरच्या. दोन्हींतले वाक्य एकच. रजा आहे, पण हक्काची नाही.

१८९४ चा तुरुंगांचा कायदा तर याहून पुढे गेला होता. तुरुंगाधिकाऱ्याने अधीक्षकाच्या लेखी परवानगीवाचून एक रात्रसुद्धा तुरुंगाबाहेर काढायची नाही, असे त्यात कलम होते. कनिष्ठ नोकरांनी रजेवाचून गैरहजर राहायचे नाही हे आलेच. आणि दिलेली रजा संपल्यावर जो नोकर जाणूनबुजून उशिरा येईल त्याला चौपन्नाव्या कलमाखाली २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती. रजेवरून उशिरा आलेल्या शिक्षकाचा फार तर पगार कापतात. तुरुंगाच्या शिपायाला थेट आतच घ्यायची सोय! २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्राने कारागृहांसाठी नवे विधेयक मंजूर केले, तेव्हा त्या जुन्या कायद्याचे वय १३० वर्षांचे झाले होते. इतकी वर्षे एखादे घर कोणी डागडुजी न करता वापरले असते तर त्याचे काय झाले असते, हे मी सांगायला नको.

आता एक गोष्ट सांगतो. माझी आजी, म्हणजे मामांची आई, मी चौथीत असताना गेली. गावात फोन एकच होता, वाण्याच्या दुकानात. तेथून निरोप गेला. त्या आठवड्यात मामांच्या तुरुंगात सगळ्यांच्या रजा बंद होत्या. बंदोबस्ताचे काही कारण होते. मामांनी अर्ज दिला. अर्ज नाकारला असे कोणी म्हटले नाही. “दोन दिवस थांबा,” असे म्हटले. दोन दिवसांचे चार झाले, चारांचे आठ. अग्नी धाकट्या मामांनी दिला.

मामांच्या बराकीत तेव्हा एक जन्मठेपेचा कैदी होता. सांगलीकडचा, निरक्षर. त्याच्याही आईचे दुखणे विकोपाला गेले होते, आणि त्याने महिन्यापूर्वी अर्ज केलेली अभिवचन रजा नेमकी त्याच सुमारास मंजूर होऊन आली. तो आदेश त्याला मामांनीच वाचून दाखवला होता. कोणत्या तारखेला परत यायचे ते दोनदा सांगितले होते. मामांना अखेर नवव्या दिवशी सोडले. हातात पिशवी घेऊन ते मोठ्या दरवाजाच्या दिंडीशी आले, नोंदवहीत आपली बाहेर जाण्याची वेळ लिहायला लावली, आणि त्याच वेळी बाहेरून वाकून तो कैदी आत आला. अगदी तारखेला आला होता. दिंडीतून एका वेळी एकच माणूस जातो, म्हणून मामा बाजूला झाले.

तो म्हणाला, “साहेब, आई गेली म्हणं?”

“व्हय.”

“माझी वाचली,” असे तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

मामांनी ही हकीकत मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. कोणाबद्दल कडू शब्द नाही, त्या वेळच्या साहेबाबद्दलही नाही. “त्याला वाईट वाटलं रे,” ते म्हणाले. “आपली आई वाचली याचं त्याला माझ्यापुढं वाईट वाटलं.” आणि पुन्हा शेंगा सोलू लागले. मी यावर तेव्हापासून कादंबरी लिहायची म्हणतो आहे. जमलेले नाही. दिंडीशी आलो की माझी लेखणी बाजूला होते.

कैद्याबद्दल कोणाला रजा देऊ नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या माणसाला त्याची आई भेटली हे योग्यच झाले. दोघांनाही ती भेटायला हवी होती, आणि त्यासाठी बराकीच्या दाराशी उभा राहायला फक्त आणखी एक माणूस हवा होता.

आमच्या मराठीत तुरुंगातल्या साहित्याला तोटा नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेला लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तेही आमच्याच धंद्यातले, अमळनेरच्या शाळेतले मास्तर. हे सारे लिहिले कैद्यांनी. त्या रात्रींत बाहेर कंदील घेऊन कोणी तरी गस्त घालत असेल. धुळ्याच्या त्या रविवारांना ज्या शिपायाची पाळी असेल त्याच्या कानावर गीता पडलीही असेल. रविवारची सुट्टी हुकल्याचे एवढे मोल कोणाला मिळाले नसेल. परंतु त्यांच्यापैकी कोणाचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. लिहायला मोकळा वेळ लागतो, आणि तुरुंगात तो कैद्यांपाशी अधिक असतो, हे एक कारण असावे. शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये जेलरला नायक केले खरे, पण सहा खुनी कैद्यांना घेऊन माळावर राहायला गेलेल्या त्या जेलरला ना घर, ना बायको, ना मूल. साऱ्या चित्रपटात त्याने एकही रजेचा अर्ज केल्याचे दिसत नाही. असा नोकर कोणत्याही खात्याला आवडेल.

मामांची मुलगी, माझी मामेबहीण, कारागृहात रक्षक म्हणून लागली तेव्हा मामींनी दोन दिवस अन्न टाकले होते. हल्ली ती स्त्रियांच्या विभागात असते. तिच्या वेळेला पुष्कळ गोष्टी सुधारल्या आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची आहे. २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी स्त्रियांना साऱ्या नोकरीत मिळून आणखी १८० दिवस घेता येतात. काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. त्या दिवशी कैद्यांची मुले आत येतात, आईबापांच्या मांडीवर बसतात, खाऊ खातात. बहीण सांगते, की त्या दिवशी घड्याळाकडे बघण्याचे काम आपल्याकडे आले की नकोसे होते. वेळ संपली असे सांगणारा माणूस त्या मुलांच्या डोळ्यांत राक्षस असतो. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा पाळणाघरात असतो.

२०२० चा एप्रिल ती विसरू म्हणता विसरत नाही. करोनाची साथ तुरुंगात शिरू नये म्हणून सरकारने आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा ही पाच कारागृहे बंद केली. बंद म्हणजे आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. नोकरमाणसांनीही आतच राहायचे. पुढे आणखी ठिकाणी तसे झाले. बहीण ज्या कारागृहात होती तेथेही. आणि त्याच सुमारास, मार्चमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, गर्दी कमी करण्यासाठी कैद्यांना घरी सोडणे सुरू झाले. ८ मे रोजी १९५९ च्या त्या जुन्या नियमांत दुरुस्ती करून साथीच्या काळासाठी खास अभिवचन रजा निघाली, आरंभी ४५ दिवसांची. बायका आपापली बोचकी घेऊन दिंडीतून बाहेर पडत होत्या, आणि त्यांची नावे वाचून दाखवणारी आमची बहीण आत राहत होती. जाताना एकीने तिला विचारले, “ताई, तुमी कदी सुटणार?” ती हसली, असे ती सांगते. तिचा पाच वर्षांचा मुलगा तेव्हा मामांकडे होता. रोज रात्री फोनच्या काचेवर तो तिला आपले पडलेले दात दाखवी. मामा फोन धरून उभे राहत; पस्तीस वर्षे भिंतीच्या एका बाजूला काढल्यावर दुसरी बाजू कशी असते, ते त्यांना त्या वर्षी कळले. मामी मधेच फोन घेऊन म्हणत, “रजेचा अर्ज दे.” बहीण म्हणे, “आई, कुणाकडे देऊ? साहेब पण आतच हायत.”

मामा त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झाले होते. निवृत्तीच्या वेळी अर्जित रजेचे ३०० दिवस त्यांच्या खात्यावर पुरे भरलेले होते, आणि शेवटच्या पगाराच्या दराने त्या दिवसांचे रोख पैसे त्यांना मिळाले. याला रजेचे रोखीकरण म्हणतात. रक्कम बरी होती. मामांनी ती घराच्या पत्र्यांवर आणि मामींच्या पाटल्यांवर खर्च केली. जे दिवस रांजणाबाहेर वाहून गेले त्यांचे, अर्थात, काही नाही. बदली सुट्ट्यांचेही काही नाही. त्यांचा भाव कोणी ठरवलेलाच नव्हता. त्यांचा हिशेब मामांनी शंभर पानी वहीत ठेवला होता. सण कोणता, पाळी कोणती, बदली मिळाली की नाही, अशा तीन रकान्यांचा. मिळालेल्यांपुढे खूण, बुडालेल्यांपुढे नुसती रेघ. मी एका दुपारी बसून रेघा मोजल्या. २१४ भरल्या. त्यांत लक्ष्मीपूजने अठरा होती. मामांनी आकडा ऐकला आणि विचारले, “मोजणी दोनदा केलीस का?” गिनती दोनदा करायची सवय त्यांना आतली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत मामा नरकचतुर्दशीला प्रथमच घरी होते. मामींनी पाट मांडला, तेल लावले. बाहेर फटाके वाजत होते. मामा दर आवाजाला दचकत आणि दाराकडे बघत. तुरुंगात एवढ्या पहाटे आवाज होणे म्हणजे धोक्याची घंटा. जिथे असाल तिथून धावायचे. अंगाला उटणे लावलेल्या स्थितीत ते दोनदा उठले. मामी म्हणाल्या, “अहो, बसा. कुणी पळालं नाही.”

रजा हक्काची करा, अशी मागणी मी करणार नाही. तुरुंग ही दिवाळीत कुलूप लावून जाण्याची जागा नव्हे. कुलूप तर तेथे असतेच. आग, दंगा, साथ आली तर साहेबाने रजा थांबवली पाहिजे, हे मामाही मान्य करीत. पण ‘निकड’ हा शब्द वर्षाचे बाराही महिने लागू पडू लागला की तो निकड राहत नाही, ती रीत होते. आणि ती रीत साहेबाच्या दुष्टपणामुळे पडत नाही. साहेबाला तरी काय करायचे असते? त्याच्यापुढे मनोरा असतो, तीन नावे असतात आणि चार माणसांची रजा असते. चौथ्या माणसाची जागा मंजूर व्हावी, मंजूर झालेली भरली जावी, आणि भरलेला माणूस दुसऱ्या कामाला उचलला जाऊ नये, एवढे झाले तर दहावा नियम खुशाल तेथेच राहो. पुस्तकात शोभून दिसेल.

यंदाच्या पाळ्यांचा तक्ता बहिणीकडे लागला आहे. भाऊबीजेला तिची रात्रपाळी आहे. त्याबद्दलची बदली सुट्टी तिने पुढच्या मंगळवारची मागितली आहे. अर्जावर अजून सही व्हायची आहे. आईने तिला फोनवर सांगितले, की मंगळवार नाही तर बुधवार, बुधवार नाही तर पुढचा रविवार, तू येशील त्या दिवशी ओवाळ. निरांजन घासून ठेवले आहे. चकल्यांचा एक डबा आईने कागद लावून घट्ट बंद केला आहे आणि माझ्या मुलांच्या हाताला लागू नये म्हणून अगदी वरच्या फळीवर सरकवला आहे.